कर्ता की करण? : स्वतंत्र मुद्राचित्रकार आणि मुलांचं पुस्तक

(नरडाणा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय आहे ठसे कोरून चित्रं छापणारा आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारा कलावंत. कुणाच्या नोकरीत नसलेला, स्वतंत्र. असा माणूस जगतो कसा, आणि त्याला आपण 'स्वतंत्र' म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो, एवढे दोनच प्रश्न आम्ही घेणार आहोत. विषय आपल्यापासून लांबचा वाटेल. नरडाण्यात रेल्वे आहे, महामार्ग आहे, एमआयडीसी आहे. मुद्राचित्रकाराचा स्टुडिओ काही दिसत नाही. पण चित्रं काढणारं पोर इथल्या बऱ्याच घरांत आहे, आणि "ते सगळं ठीक, पण खाणार काय?" हा प्रश्नही त्याच घरांत आहे. हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

ठसा म्हणजे काय

आधी काम समजून घेऊ. मुद्राचित्रण म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर चित्र तयार करायचं, त्याला शाई लावायची आणि कागदावर त्याचा छाप घ्यायचा. पृष्ठभाग लाकडाचा असेल, तांब्या-जस्ताच्या पत्र्याचा असेल, दगडाचा असेल. कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापणं आपल्याकडच्या भावसार-रंगारी मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तत्त्व तेच.

यातला सगळ्यात स्वस्त आणि साधा प्रकार म्हणजे लिनोकट. लिनोलियम हा पदार्थ १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने काढला, जमिनीवर अंथरण्यासाठी. जवसाचं तेल हवेवर घट्ट होऊ द्यायचं, त्यात बुचाची पूड मिसळायची आणि तागाच्या कापडावर थर द्यायचा. हा तुकडा लाकडापेक्षा मऊ, त्याला रेषा-गाठी नाहीत. थंड देशांत कोरण्याआधी तो गरम करून घेतात. खानदेशच्या वैशाखात ती अडचण येणार नाही. जो भाग पांढरा हवा तो बारीक पटाशीने कोरून काढायचा, जो काळा हवा तो ठेवायचा. रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि पळीच्या पाठीने घासायचं. यंत्र लागत नाही. चित्र उलटं कोरायचं, कारण छाप सुलटा येतो; अक्षरं असतील तर तीही उलटी. कोरून गेलेला भाग परत येत नाही, त्यामुळे हात टाकण्याआधी विचार करावा लागतो.

मूळ चित्र कुठलं?

आता तत्त्वज्ञानाचा माणूस इथे का घुटमळतो, ते सांगतो. रंगवलेल्या चित्राला एक मूळ असतं आणि बाकी त्याच्या नकला. मुद्राचित्रात मूळ कुठलं? लिनोचा तुकडा तर चित्र नव्हे, ते साधन आहे. आणि त्यावरून काढलेल्या तीस छापांपैकी पहिला खरा आणि तिसावा नक्कल, असंही म्हणता येत नाही.

आपल्या न्याय-वैशेषिकांनी जातीबद्दल जे म्हटलं ते इथे उपयोगी पडतं. गोत्व शंभर गाईंमध्ये थोडं थोडं वाटलेलं नसतं, प्रत्येक गाईत ते पुरतं असतं. तसं हे चित्र प्रत्येक छापात पुरतं असतं. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन याने १९६८च्या आपल्या ग्रंथात याचीच दुसरी बाजू मांडली: प्रती कितीही असोत, त्या त्याच पत्र्यावरून निघालेल्या असल्या तरच अस्सल. म्हणजे अस्सलपणा इथे एकुलतेपणात नसतो, उगमात असतो.

याचा सामाजिक अर्थ मोठा आहे. इथून जवळ अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी दैनिक काढत. ते हस्तलिखित होतं. प्रत एक, वाचणारे अनेक, म्हणून मुलांनी त्याभोवती गोळा व्हायचं. ठसा आला की हे गणित उलटतं, वस्तूच वाचणाऱ्याच्या घरी जाते. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली, १८९४ साली घाटकोपरला रवि वर्मांचा छापखाना सुरू झाला, आणि ज्या घरात आयुष्यात कधी चित्र आलं नसतं त्या घरच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या.

पण त्या भिंतीवरच्या चित्राकडे पुन्हा एकदा बघा. खाली रवि वर्मांचं नाव असतं. एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करून ते चित्र त्यावर उतरवणारे कारागीर कोण होते? त्यांची नावं चित्रावर नसतात. हात त्यांचे होते, पण ते त्या चित्राचे कर्ते ठरले नाहीत. आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे.

स्वतंत्र म्हणजे एकटा नव्हे

पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात कर्त्याची ओळख 'स्वतंत्र' या एकाच शब्दाने करून दिली आहे. शाळेत आपण कर्ता, कर्म, करण पाठ करतो आणि विसरतो. पण विचार करा. देवदत्त कुऱ्हाडीने लाकूड तोडतो. त्याला कुऱ्हाड लागते, लाकूड लागतं, उभं राहायला जमीन लागते. इतक्यांवर अवलंबून असलेला देवदत्त स्वतंत्र कसा? व्याकरणाच्या परंपरेचं उत्तर असं की, क्रियेत प्रधान तो आहे. बाकीच्यांना तो कामाला लावतो, ते त्याला लावत नाहीत. कुऱ्हाड कितीही धारदार असली तरी ती करण.

म्हणून 'स्वतंत्र कलावंत' याचा अर्थ कुणाचीही गरज नसलेला माणूस असा आम्ही घेत नाही. तसा माणूसच नसतो. कागदवाला, छापखाना, प्रकाशक, शिक्षक, पुस्तक विकत घेणारी आई, हे सगळे त्याला लागतात. प्रश्न इतकाच की या सगळ्यांमध्ये तो कर्ता राहतो की कुणाच्या तरी हातातली कुऱ्हाड होतो. हा प्रश्न घेऊन आपण दोन माणसांकडे जाऊ.

नंदलाल : पगारी आणि तरी कर्ता

नंदलाल बोस शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकवत. म्हणजे रूढ अर्थाने स्वतंत्र नव्हेत, संस्थेतले. १९३० साली रवींद्रनाथांचं 'सहजपाठ' निघालं, बंगाली मुलांना अक्षरओळख करून देणारं पुस्तक. त्याची चित्रं नंदलालांनी लिनोत कोरली. अंकलिपी हे घरातलं सगळ्यात फाटणारं पुस्तक, आणि त्यासाठी देशातला एक थोर चित्रकार बसून ठसे कोरतो! त्याच वर्षी त्यांनी दांडीयात्रेतले गांधीजी कोरले, काळ्या भुईवर पांढरी रेषा, हातात काठी. ते चित्र आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं आहे.

हेच नंदलाल डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या खानदेशात आले होते. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींच्या आग्रहावरून त्यांनी तिथली सजावट बांबूसारख्या, गावात मिळणाऱ्या सामानातून केली. पुढे १९३८ साली हरिपुऱ्याला, म्हणजे आपल्याच तापीच्या काठी पण गुजरातेत, त्यांनी खेड्यातल्या कामकरी माणसांची चित्रं रंगवली. फैजपूरला गांधीजींचं सांगणं होतं, सहजपाठला रवींद्रनाथांचं. मागणी बाहेरून आली. काय करायचं आणि कशाने करायचं, हे मात्र नंदलालांच्या हातात राहिलं. पगार घेणारा माणूसही कर्ता राहू शकतो, हे यातून दिसतं. अर्थात मागणारे गांधी आणि टागोर असले की हे सोपं जातं, हेही खरं. प्रत्येकाच्या नशिबी असे गिऱ्हाईक नसतात.

चित्तप्रसाद : किंमत मोजलेलं स्वातंत्र्य

दुसरा माणूस चित्तप्रसाद. जन्म १९१५, बंगालमधलं नैहाटी. आडनाव भट्टाचार्य, पण जातीची खूण नको म्हणून त्यांनी ते टाकून दिलं. चित्रकला बहुतेक स्वतःच शिकले. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर भागात पायी हिंडून त्यांनी भुकेलेल्या माणसांची रेखाटनं केली. 'हंग्री बेंगॉल' नावाची पुस्तिका निघाली, तिच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. तेव्हा ते कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते, पक्षाच्या पत्रांसाठी चित्रं काढत. पुढे मुंबईला आले आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस पक्षापासून दूर झाले. तिथून पुढची बरीच वर्षं अंधेरीत, एका साध्या घरात, कुणाच्याही नोकरीत नसलेला हा माणूस लिनो कोरत बसला.

लिनोच का? कारण तो परवडत होता आणि घरी छापता येत होता. 'स्वतंत्र' या शब्दात 'तंत्र' आहे, ते इथे अक्षरशः लागू पडतं. ज्याचं तंत्र त्याच्या खोलीत मावतं, त्याला दुसऱ्याच्या छापखान्याची वाट पाहावी लागत नाही.

त्यांनी मुलांसाठी लोककथा आणि रामायण यांची चित्रं कोरली. कळसूत्री बाहुल्यांचा 'खेलाघर' नावाचा खेळ उभा केला. १९५३च्या 'दो बिघा जमीन' या बिमल रॉय यांच्या सिनेमासाठी लिनोकट केला. आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक चित्रमालिका केली, तिचं इंग्रजी नाव 'एंजल्स विदाउट फेअरीटेल्स', म्हणजे परीकथा वाट्याला न आलेले देवदूत. रस्त्यावर काम करणारी, बूटपॉलिश करणारी, उघड्यावर झोपणारी मुलं. इथे मुलं पुस्तकाची वाचक नाहीत, विषय आहेत. मुलांच्या पुस्तकाचा चित्रकार जर प्रामाणिक असेल, तर आपलं पुस्तक कुठल्या मुलापर्यंत पोचतच नाही, हा प्रश्न त्याला कधीतरी छळतोच. चित्तप्रसादांनी त्या प्रश्नाचीच चित्रं केली. ती मालिका १९६९ साली पुस्तकरूपाने निघाली, डेन्मार्कच्या युनिसेफ समितीकडून.

ते कर्ते राहिले, यात शंका नाही. पण किंमत पाहा. हयातीत विक्री फार झाली नाही. हलाखी, एकटेपण, आजारपण. १९७८ साली कोलकात्यात मृत्यू. २०११ साली त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं आणि आज त्यांचे छाप कलादालनांत मानाने लागतात. आता इथे आपल्याकडे एक वाईट सवय आहे. अशी गोष्ट ऐकली की आपण डोळे पुसतो आणि म्हणतो, खरा कलावंत असाच असतो. आम्हाला हे मान्य नाही. गरिबी ही स्वातंत्र्याची अट नव्हे. ती चित्तप्रसादांनी सोसली म्हणून थोर ठरत नाही. समाजाने कलावंताच्या ताटात काय वाढलं याचा हिशोब चुकवायचा असला की आपण त्याच्या त्यागाचं कौतुक करतो.

दोन खिसे

तर मग असा माणूस जगतो कशावर? त्याला दोन खिसे असतात.

पहिला खिसा छापांचा. इथे एक विचित्र गोष्ट घडते. लिनोवरून शेकडो छाप निघू शकतात, पण चित्रकार ठरवून तीसच काढतो आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने लिहितो: ७/३०, म्हणजे तिसांपैकी सातवा. मग ठोकळ्यावर आडव्या रेघा मारून तो बाद करतो. ज्या कलेचं सगळं बळ अनेक प्रतींत आहे, तिथे पोटासाठी हाताने टंचाई निर्माण करावी लागते. कारण घेणारा दुर्मिळतेला पैसे मोजतो.

दुसरा खिसा पुस्तकाचा. इथे सगळं उलट, जितक्या जास्त प्रती तितकं चांगलं. पण पुस्तक स्वस्तही हवं, आणि त्या स्वस्ताईचा भार बऱ्याचदा चित्रकारावर पडतो. बत्तीस पानांचं चित्रपुस्तक म्हणजे छापखान्याच्या भाषेत दोन फर्मे. समजा, त्यात चौदा मोठी चित्रं आहेत. कच्चा आराखडा, पान उलटल्यावर काय दिसेल याचा विचार, नायिकेचा फ्रॉक तिसऱ्या पानावर ठिपक्यांचा असेल तर अकराव्यावरही ठिपक्यांचाच, मग दुरुस्त्या. एका चित्राला तीन-चार दिवस धरले तरी दोन महिने सहज जातात. या दोन महिन्यांचं मानधन एकरकमी मिळालं आणि पुस्तकाच्या दहा आवृत्त्या निघाल्या, तर पुढच्या नऊ आवृत्त्यांत त्या चित्रकाराचं काय?

याचं उत्तर करारात असतं, आणि कायदा इथे थोडा खाचखळग्यांचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. लेखकाने घरी बसून लिहिलेली गोष्ट लेखकाची. पण कलम १७ मध्ये अपवाद आहे: मोबदला देऊन सांगून करवून घेतलेलं रंगचित्र, व्यक्तिचित्र, छायाचित्र किंवा एनग्रेव्हिंग असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा. आणि एनग्रेव्हिंगच्या व्याख्येत एचिंग, लिथोग्राफ, वुडकट, प्रिंट सगळं येतं. म्हणजे एकाच पुस्तकात लेखक मालक राहील, आणि शेजारचा ठसा कोरणारा काहीच लिहून न घेता काम करेल तर मालकी गमावून बसेल. पाणिनीच्या भाषेत, कायदा न बोलता त्याला करण करून टाकतो.

उपायही त्याच कायद्यात आहे: उलट करार. आधी लिहून घ्यायचं की हक्क चित्रकाराचे, प्रकाशकाला अमुक आवृत्तीपुरती, अमुक भाषेपुरती परवानगी. मग हक्क चित्रकाराचे राहतात, आणि पुढे ते हस्तांतरित करायचे तर तेही लेखी, सहीनिशी करावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि कलम ५७ प्रमाणे, हक्क विकल्यावरही 'हे काम माझं आहे' असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. चित्रं काढणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला कुंचल्याबरोबर ही चार वाक्यं शिकवली पाहिजेत.

जिथे दोन वाटा मिळतात

हे दोन खिसे जोडता येतात का? काही ठिकाणी जोडले गेले आहेत. चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ साली 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक काढलं. चित्रं भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांची. काळ्या कागदावर प्रत्येक पान हाताने स्क्रीनप्रिंट केलेलं, बांधणी हाताची, प्रतीला क्रमांक. पुस्तक आहे आणि मुद्राचित्रही आहे. चित्रकारांची नावं ठळक आहेत, तळटीपेत नाहीत.

मराठीत वेगळी वाट दिसते. माधुरी पुरंदरे मुलांसाठी स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेलं 'राधाचं घर' अनेकांच्या घरी असेल. शब्द आणि चित्र एकाच डोक्यातून आले की चित्र हे शब्दाचं शेपूट राहत नाही. गोष्टीत जे लिहिलेलं नाही ते चित्र सांगू लागतं. न वाचता येणाऱ्या मुलासाठी तर चित्रकार हाच लेखक असतो, हे आपण मोठी माणसं विसरतो.

आणि आपलं काय? शाळेत चित्रकलेची ओळख एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेपुरती, आणि तिचीही आठवण दहावीच्या वाढीव गुणांपुरती. पुस्तक आणलं तर लेखकाचं नाव सांगतो, चित्रकाराचं नाव बघतही नाही. इथे शिक्षक बसले आहेत, त्यांना एक विनंती. वर्गात पुस्तक वाचून दाखवताना दोन्ही नावं वाचा. मुलाला लहानपणी कळलं की हे चित्र कुणीतरी केलंय, तर मोठेपणी तो ते फुकट मागणार नाही.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, माझी मुलगी नववीत आहे. चित्रकलेतच जायचं म्हणते. जाऊ द्यावं का?*

आम्ही भविष्य सांगत नाही, पण दोन गोष्टी सांगतो. सुरुवातीची काही वर्षं शिकवणं किंवा दुसरं काम करून हे करावं लागलं तर ती हार समजू नका. नंदलालही शिकवतच होते. आणि तिला विचारा की न सांगता, गुण नसताना, ती किती वेळ बसते. लिनोचा तुकडा आणि एक पटाशी आणून द्या. महिनाभराने छाप वाढलेले दिसले, तर मग बसून खर्चाचा हिशोब करा, तिच्यासमोर करा. आणि पहिलं काम मिळेल त्या दिवशी करार तुम्ही वाचा.

*प्रश्न : आता कॉम्प्युटर मिनिटात चित्र काढून देतो. मग चित्रकार कशाला?*

छपाईचं यंत्र आलं तेव्हाही हे विचारलं गेलं असेल. साधन कितीही हुशार झालं तरी व्याकरण बदलत नाही. या पानावर हे मूल झाडाखाली एकटं का बसलंय, असं वाचणाऱ्या पोराने विचारलं तर त्याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं. ज्याच्याकडे उत्तर आहे तो कर्ता. ते न देता नुसतं चित्र पुरवणारा माणूस असो की यंत्र, तो करणच. धोका आम्हाला वेगळाच दिसतो. प्रकाशक म्हणतील, यंत्र फुकट देतं, तू इतके का मागतोस? तेव्हा पुस्तक विकत घेणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, कुणाचं काम हवं ते ठरवायचं आहे.

वेळ झाली आहे. बाहेर टेबलावर मुलांची काही चित्रपुस्तकं ठेवली आहेत. जाताना हातात घेऊन बघा, चित्रकाराचं नाव कुठल्या पानावर आणि किती बारीक अक्षरात आहे तेही बघा.